उजव्या कानाने ऐकलेला अल्बम

कपडे धुण्याच्या कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत आणि फोनवर तिचं लिखाण वाचणारी चारेक हजार माणसंही ताईच म्हणत. पण ही ताई आणि ती ताई एकच, हे दोन्हीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. कारखान्यातली ताई इस्पितळांच्या चादरी गरम रोलरमधून ओढून काढायची आणि समोर उभ्या मावशीच्या मदतीने त्यांच्या घड्या घालायची. फोनवरची ताई रॅपचे नवे अल्बम ऐकायची, त्यांच्यावर लिहायची, आणि लिहून झालं की दहापैकी गुण द्यायची. वय बेचाळीस. केसांना कायम साबणाच्या वाफेचा वास. कुणी म्हटलं असतं की ही बाई पोरासोरांच्या गाण्यांची परीक्षा घेते, तर ऐकणाऱ्याने तोंडात बोट घातलं असतं.

तिची ऐकण्याची रीत ठरलेली. एक अल्बम तीनदा. पहिल्यांदा कामावर, हात चालू असताना. दुसऱ्यांदा घरी जाताना, पायी. तिसऱ्यांदा सुट्टीच्या सकाळी, वही मांडीवर घेऊन; तेव्हा ती शब्द न् शब्द हाताने उतरवून काढी. गाणारा जिथे थांबेल तिथे तीही वहीत तेवढ्या ओळी मोकळ्या सोडी. या मोकळ्या ओळींवर तिचा फार जीव. माणूस कुठे थांबतो त्यावरून तो किती खरा ते कळतं, असं तिचं म्हणणं.

आणि तिन्ही वेळा ती ऐकायची ती उजव्या कानाने. डाव्या कानातला इअरफोन कधीचाच मुका झाला होता. तो दुरुस्त करायची गरज तिला पडली नाही, कारण डावा कान तिने केव्हाच कारखान्याला देऊन टाकला होता. रोलरमध्ये चादर अडकली की घंटी वाजायची, आणि घंटी वाजली की लगेच लाल बटण दाबावं लागे, नाहीतर चादरीबरोबर हातही आत जायचा. घंटी वाजत नसेल तेव्हा त्या कानात मावशी वाजायची.

"आज कोण बसलंय गं कानात?"

"नवा आहे, मावशी. म्हणतो, अख्खं शहर माझ्या खिशात."

"मग खिसा फाटका असणार. टोक पकड नीट."

दोघी चादरीची टोकं धरून मागे सरत, चादर ताणत, पुन्हा पुढे येत, टोकाला टोक जुळवत. दिवसातून चारशे वेळा जवळ यायचं, चारशे वेळा लांब जायचं.

ती लिहायची ते वाचायला लोकांना आवडे, कारण ती कुणाची भीड ठेवत नसे. एका नावाजलेल्या गायकाच्या अल्बमवर तिने लिहिलं होतं, "चौदा गाण्यांत हा चौदा गाड्यांतून उतरतो, पण पोहोचत कुठेच नाही. दहापैकी चार, तेही ठेका धरणाऱ्याचे." आणि कुणी ओळखत नव्हतं अशा एका मुलीबद्दल, "हिने आपल्या आजारी बापाच्या खोकल्यावर ताल बसवला आहे. मी चादर हातात धरून उभी राहिले. दहापैकी नऊ. एक गुण राखून ठेवते, ती अजून मोठी होणार आहे म्हणून." ती मुलगी पुढे खरंच मोठी झाली, आणि ताईच्या शब्दाला वजन आलं.

हे वेड लागलं कुठून, तर भावापासून. की भावाला तिच्यापासून, ते आता सांगणं कठीण. आई दिवसभर बाहेर कामाला, आणि ही दोघं इमारतीच्या जिन्यात बसलेली. इअरफोनची जोडी एकच. उजवा तिचा, डावा धाकट्याचा. वायर इतकी आखूड की डोकी एकमेकांना टेकवावी लागत. एकजण हलला तर दुसऱ्याचं गाणं सुटायचं. तिथेच धाकटा शब्द जुळवायला लागला. ती आठवीत, तो दुसरीत. त्याच्या बुटाला भोक होतं आणि ती रोज सकाळी त्यात वर्तमानपत्र कोंबून द्यायची. वर्गात कुणी विचारलं तर हा छाती काढून सांगायचा, "माझे बूट परदेशी आहेत, आतून वाचता येतात."

आता धाकटा छत्तीसचा. खिडक्यांना काचा बसवायचं काम करायचा. अजूनही शब्द जुळवायचा, गोधड्या टांगून खोलीचा एक कोपरा बंद केला होता, तिथे माइक लावून बोलायचा. पण बाहेर काही काढत नसे. दोनेक वर्षांपूर्वी त्याने तिला विचारलं होतं.

"माझं ऐकून मार्क देशील?"

"ओळखीच्याला मी मार्क देत नाही. दहा दिले तर लोक हसतील, कमी दिले तर तू रडशील."

"नाही रडणार."

"लहानपणीही असंच म्हणायचास, आणि नाक तोवर वाहत असायचं."

दोघं हसली. ती विसरून गेली.

तर 'दोन खुर्च्या' नावाचा अल्बम आला तेव्हा तिच्या मनात काहीच आलं नाही. गाणाऱ्याने नाव लावलं होतं 'धूळ'. आवाज जड, यंत्रातून उतरवलेला, विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखा. आणि बढाया अशा:

माझ्या बुटाखाली शहर, माझ्या नावाची लहर,
दार उघडा, आलो मी, आता माझाच प्रहर.

एवढं म्हणायचा आणि गप्प. मग नुसता ठेका. कितीतरी वेळ नुसता ठेका. मग पुन्हा एक बढाई, पुन्हा ठेका. तिने रीतीप्रमाणे तीनदा ऐकलं. वहीत उतरवलं तर पानंच्या पानं मोकळी राहिली. सुट्टीच्या सकाळी ती चिडून लिहायला बसली.

"नाव 'दोन खुर्च्या', पण बसलेला एकच, आणि तोही पाय पसरून. हा गडी दोन ओळी फेकतो आणि टाळ्यांची वाट बघत थांबतो. अर्धा अल्बम रिकामा आहे. मोकळी जागा मलाही आवडते, पण मोकळी जागा राखायला आधी घर असावं लागतं. याने एक दिवसही जगून पाहिलेलं नाही. धूळ नाव बरोबर आहे. फुंकर मारली की झालं. दहापैकी तीन."

ते लिखाण वाऱ्यासारखं पसरलं. लोकांनी रिकाम्या खुर्च्यांची चित्रं करून टाकली, 'अर्धा अल्बम' हे त्या गाणाऱ्याचं नावच पडून गेलं. तिला बरं वाटलं. का खोटं बोला, खूपच बरं वाटलं. संध्याकाळी तिने धाकट्याला फोन लावला आणि नेहमीसारखं सगळं वाचून दाखवलं, मध्ये मध्ये स्वतःच हसत. फुंकर मारली की झालं, हे तर दोनदा वाचलं.

पलीकडून तो म्हणाला, "हं."

"हसला नाहीस?"

"काचा उतरवतोय टेम्पोतून. ठेवू?"

"ठेव, ठेव. हात सांभाळ रे."

नऊ दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत, तिला एका वाचकाचा निरोप आला. तो ट्रक चालवायचा.

"ताई, तुमचं सगळं वाचतो. पण 'दोन खुर्च्या'चं पटलं नाही. माझ्या गाडीत दोन्ही बाजूंना स्पीकर आहेत. तुम्ही रिकामं म्हणता तिथे डाव्या बाजूने दुसरा माणूस बोलतो. हळू बोलतो, साध्या आवाजात. उजवीकडचा फुशारकी मारतो आणि डावीकडचा खरं सांगतो. मला तर रस्त्यात गाडी बाजूला घ्यावी लागली. सगळं लक्षात नाही, एक ओळ आहे: 'बुटात पाणी आहे याच्या, विचारा याच्या ताईला.' परत ऐकायला गेलो तर अल्बम सगळीकडून काढून टाकलेला दिसतो. तुमच्याकडे असेल तर पाठवाल का?"

तिने ते एकदा वाचलं. मग फोन उलटा करून बाकावर ठेवला, जणू त्याचं तोंड बंद करावं.

"काय गं?" मावशीने विचारलं. "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग अशी का बसलीस, अंगातलं पाणी काढून टाकल्यासारखी?"

अल्बम खरंच कुठे नव्हता. जिथे ती ऐकायची तिथे फक्त एक करडा चौकोन आणि 'उपलब्ध नाही'. त्या दुपारी तिच्या कानांत काहीच नव्हतं, दोन्ही कान मोकळे होते, तरी घंटी वाजली ती तिला ऐकू आली नाही. मावशीने धावत येऊन लाल बटण दाबलं, तिचा हात मागे ओढला, आणि शिव्या द्यायला तोंड उघडलं. पण चेहरा बघून मिटलं.

"जा तू," मावशी म्हणाली. "जिथे जायचंय तिथे जा. मी सांगते मुकादमाला."

धाकट्याची खोली तिसऱ्या मजल्यावर. जाताना तिने घरून वही उचलली, नवा इअरफोन विकत घेतला, दोन्ही बाजू चालतात ना ते दुकानातच तपासलं. कशाला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दार त्यानेच उघडलं. बोटांना पुट्टी लागलेली. "ये," म्हणाला, आणि परत टेबलाशी जाऊन उभा राहिला. टेबलावर कापायला काढलेली काच होती.

कोपऱ्यातल्या गोधड्या उतरल्या होत्या. भिंतीत खिळ्यांची भोकं, आणि इतकी वर्षं झाकलेली भिंत बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरी. माइक नव्हता. खिडकीशी दोन खुर्च्या. एकीवर काचांची चळत, दुसरी मोकळी.

"धूळ तूच ना?" तिने उभ्यानेच विचारलं.

"फुंकर मारली की झालं," तो म्हणाला. चिडून नाही. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं.

"माझा डावा इअरफोन बंद आहे रे. कितीतरी वर्षं. मी एकाच बाजूने ऐकते. मला माहीतच नव्हतं की…"

"हो. कळलं मला ते."

"कधी?"

"तू फोनवर वाचत होतीस तेव्हाच. अर्धा रिकामा म्हणालीस ना. तेव्हाच लक्षात आलं की तू नेहमीसारखी तुझ्याच बाजूला बसली आहेस."

"मग बोलला का नाहीस? तिथल्या तिथे थोबाडीत मारायचं होतंस मला!"

"काय बोलू? ताई, मार्क बदल? ओळखीच्याला देत नाहीस तू." तो जरासा हसला, आणि ते हसू तिला बघवेना. "आणि लोकांनी तर दोन्ही बाजू ऐकल्या असतील ना. त्या चित्रं काढणाऱ्यांनी. त्यांनाही अर्धाच वाटला."

"त्यांनी ऐकलाच नाही! त्यांनी फक्त मला वाचलं."

"हो. मग झालं."

तिने पिशवीतून नवा इअरफोन काढला. वायर उलगडली. "दे. आत्ता ऐकते. तुझ्यासमोर. तुझ्याकडे असेलच कुठेतरी."

"नाही ठेवलं."

"फोनमध्ये? त्या माइकवाल्या मशीनमध्ये?"

"मशीन दिलं एकाला. आधी पुसून दिलं."

"कुणाकडे तरी पाठवलं असशील."

"तुझ्यासाठी केलं होतं, ताई. दुसऱ्या कुणाला कशाला पाठवू?"

खाली रस्त्यावर कुणीतरी पाण्याचे रिकामे डबे हातगाडीवर चढवत होतं. ती इअरफोन हातात धरून उभी राहिली. मग खुर्चीवरची काचांची चळत एकेक करून खाली भिंतीला टेकवू लागली. तो बघत राहिला, अडवलं नाही, मदतही केली नाही. खुर्ची मोकळी झाली तशी डावीकडची ती खुर्ची त्याच्यासाठी सोडून ती उजवीकडच्या खुर्चीवर बसली. वही उघडली.

"माझी बाजू माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "शब्द न् शब्द लिहून ठेवलाय. मी म्हणते. मोकळ्या ओळी आल्या की तू म्हण. इथे बसून म्हण नाहीतर तिथूनच म्हण."

"सोड गं."

"माझ्या बुटाखाली शहर, माझ्या नावाची लहर," तिने वाचलं. तिच्या तोंडी ती बढाई केविलवाणी वाटली. "दार उघडा, आलो मी, आता माझाच प्रहर."

आणि थांबली. वहीत सहा ओळी मोकळ्या होत्या. तिने सहाही ओळींवरून बोट फिरवलं, एकेका ओळीला एकेक श्वास देत. धाकट्याने काचेवर पट्टी ठेवली, कटर ओढला. बारीक, कोरडा आवाज आला. एक ओळ तिला ठाऊक होती, तीही ट्रकवाल्याने दिलेली. ती तिच्या ओठांवर आली, पण ती तिची बाजू नव्हती.

ती पुढे गेली. दुसरं गाणं, तिसरं. वाचायची, थांबायची. कधी वाटे तो आता बोलेल, कारण कटर मध्येच थांबे आणि त्याची मान जराशी वळे. मग पुन्हा काचेचा आवाज सुरू होई. सातव्या गाण्यात एकदा त्याचे ओठ हलले. ती श्वास रोखून बसली. त्याने काचेवरचा चुरा फुंकला होता.

शेवटच्या गाण्याला दोनच ओळी होत्या.

आता उठतो मी, माझी सभा भरली दाट,
कुणी येवो ना येवो, मी कुणाची बघत नाही वाट.

त्याच्याखाली अख्खं पान मोकळं, आणि तळाला तिच्याच अक्षरात पेन्सिलने, "पुढे काही नाही. चार मिनिटं नुसता ठेका. आळस."

"या चार मिनिटांत काय होतं?" तिने विचारलं.

त्याने कापलेली काच दोन्ही हातांनी उचलून उजेडाकडे धरली, कुठे चरा गेलाय का बघितलं.

"आठवत नाही," म्हणाला.

स्वतः जुळवलेली ओळ तो कधी विसरत नसे. दुसरीत जुळवलेल्याही त्याला पाठ होत्या. हे तिला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्यालाही.

तिने वही मिटली नाही. मांडीवरच्या त्या मोकळ्या पानावर ती बोटाने हळूहळू ठेका धरत राहिली, जसा तिने तीनदा ऐकला होता तसा. बाजूची खुर्ची रिकामी होती. चार मिनिटं व्हायच्या आत धाकट्याने ती काच आणून, जपून, त्या खुर्चीवर ठेवली.