पाणी तांब्याने घाल

दादाने दारातच तिच्या हातातली बॅग घेतली आणि हात झटकून मोकळा झाला. "तू सांगितलंस तस्संच केलं हं मी सगळं. तरी तुझ्या कोळंब्या जरा सुस्त वाटतायत."

सुस्त! मेलेल्याला सुस्त म्हणणारा माणूस तिने जन्मात पहिल्यांदा पाहिला, आणि तो नेमका सख्खा भाऊ निघावा. अप्पांच्या पलंगाला लागून असलेल्या काचेच्या टाकीत तिच्या लाल कोळंब्या वाळूवर आडव्या पडल्या होत्या, उकडून काढल्यासारख्या पांढुरक्या. गप्पी मासे तेवढे वरच्या वर फिरत होते, शेजारच्या घरात काही का होईना अशा थाटात.

अप्पा टाकीकडे बघतच नव्हते. ते छताकडे बघत होते.

"अप्पा, मी आले," ती म्हणाली. अप्पांनी हूं की चूं केलं नाही.

"परवापासून हे असंच आहे," दादा म्हणाला. "एक शब्द नाही. तसं बरंच झालं म्हणा, मलाही जरा शांतता मिळाली."

कोळंब्यांचं दुःख होतंच, पण अप्पांचा एकेक शब्द तिने कसा मिळवला होता ते तिचं तिला माहीत.

अप्पा म्हणजे रिटायर्ड ट्रॅफिक पोलीस. आयुष्यभर चौकात उभे राहिले, आणि एके दिवशी अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या, चेंडूचं चित्र दाखवायच्या, कपाचं दाखवायच्या. अप्पा डोळे मिटून घ्यायचे. घेणारच. भर चौकात ट्रकवाल्यांना कापरं भरवलेल्या माणसाने उतारवयात 'चेंडू' म्हणायचं होय? ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायला होती. दुकान नव्याने सजवायचं ठरलं तेव्हा मालकाने तिथली टाकी काढायला घेतली, आणि कुणी घेईना म्हणून ती घरी घेऊन आली. पहिल्याच दिवशी एक कोळंबी खाण्याच्या गोळीवर ठाण मांडून बसली, माशांना जवळ फिरकू देईना. तेव्हा पलंगावरून आवाज आला, "हट्."

त्यानंतर 'सर' आलं, 'चल' आलं, 'ए लाल' आलं. जीभ जड होती, निम्मी अक्षरं निसटायची, पण अप्पांनी टाकीतल्या वाहतुकीला शिस्त लावायला घेतली होती. कोळंब्या त्यांचं काडीचंही ऐकत नव्हत्या आणि त्यामुळेच ते जास्त बोलायचे. तीही मग त्या टाकीला डोळ्यांत तेल घालून जपू लागली. साबणाचा हात पाण्यात घालायचा नाही, खोलीत डासांचा फवारा मारायचा नाही, नळाचं पाणी एक दिवस बादलीत ठेवल्याशिवाय वापरायचं नाही. नवीन मशीन शिकायला मालकाने तिला परगावी धाडलं तेव्हा हे सगळं तिने दादाला उभं राहून समजावलं होतं, आणि तो मोबाइलवर बोटं फिरवत 'हो गं, हो गं' करत होता.

"पाणी कुठलं घातलंस?" तिने आता विचारलं. बादली रिकामी होती.

"तू म्हणालीस तेच." दादाने टेबलावरची बाटली उचलून दाखवली. चकचकीत तांब्याची बाटली. दादाला तब्येतीचं वेड लागलं होतं. रात्री त्या बाटलीत पाणी भरायचं, वर लिंबू पिळायचं आणि सकाळी उपाशीपोटी घोट घोट प्यायचं. येईल त्याला तो हे ऐकवायचा. "रात्रभर मुरलेलं पाणी घातलंय. बादलीतलं शिळं होतं, ते कुंड्यांना ओतलं."

"हे? टाकीत?"

"तूच म्हणालीस ना, पाणी तांब्याने घाल, बादलीने नको."

म्हणाली होती. अगदी याच शब्दांत म्हणाली होती. बादलीने भसकन ओतलं की वाळू ढवळते, म्हणून.

"तांब्या, दादा," ती म्हणाली. "प्यायचा तांब्या. स्टीलचा. त्या बादलीवरच उपडा ठेवला होता, तो दिसला नाही तुला?"

"मला वाटलं तांबं. म्हटलं चला, हिला एकदा तरी माझं पटलं."

"तांबं म्हणजे कोळंबीला विष. त्यात तू वर लिंबू पिळलंस, म्हणजे धातू आणखी उतरला पाण्यात."

"मग तसं सांगायचं. माणसाला चांगलं ते माशांना वाईट असेल हे मला काय स्वप्न पडणार?"

घ्या. म्हणजे आता तिचंच चुकलं. तिने जाळी घेतली आणि एकेक मेलेली कोळंबी वेचून काढू लागली. पोटाखाली अंडी घेऊन फिरणारीही त्यांत होती.

"मेलेल्या दिसत होत्या तरी तशाच ठेवल्यास? अप्पांच्या डोळ्यांसमोर?"

"तूच म्हणालीस, त्या कात टाकतात, मेल्यासारखं दिसलं तरी काढू नकोस."

कात आरपार दिसते हेही तिने सांगितलं होतं. पण दादाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं, आणि प्रत्येक उत्तर तिच्याच तोंडचं होतं. तेवढ्यात वहिनीचा फोन आला. दादाने तो कौतुकाने स्पीकरवर टाकला. "वन्सं, जाऊ द्या ना आता," वहिनी म्हणाली. "चुकून झालं हो. एवढ्याशा किड्यांपायी भावाला टाकून बोलू नका. त्यांनी रजा काढून केलंय सगळं."

चुकून. या घरात चुका दादाने करायच्या आणि पोतेरं तिने फिरवायचं, ही रीत लहानपणापासूनची. चिनीमातीची बरणी फुटली तेव्हाही दादाचं चुकून झालं होतं आणि तुकडे तिने वेचले होते. रजा काढली म्हणे! ती वर्षानुवर्षं अप्पांचं सगळं करत होती, तिच्या रजेचा हिशेब कोणी विचारला होता? तिने संतापाने जाळी पुन्हा पाण्यात घातली.

दादाला वाटलं, आपल्या बाजूने आणखी एक साक्षीदार उभा करावा. "आणि मी काही एकट्याने नाही ठरवलं," तो म्हणाला. "अप्पांनाही तेच हवं होतं. मी बाटली तिरकी केली तर ते सुरूच झाले, तांब, तांब. पलंगाच्या दांडीवर हात आपटून आपटून. म्हटलं घ्या, आणि अख्खी बाटली रिती केली. तरी आपलं तांब, तांब. शेवटी मी त्यांची कूस बदलून भिंतीकडे तोंड करून दिलं, म्हटलं जरा डोळा लागू दे."

तिने जाळी टाकीवर आडवी ठेवली.

"दादा, अप्पांना 'थ' म्हणता येत नाही," ती म्हणाली. "थंडीला तंडी म्हणतात. थोडंला तोडं म्हणतात. ते तुला थांब म्हणत होते."

दादाने हातातली बाटली टेबलावर ठेवली.

"तांब्या कळला नाही, ठीक आहे, तो गोंधळ मी एखाद वेळेस विसरेनही. पण म्हातारा माणूस जीव तोडून हात आपटतोय आणि तू त्याचं तोंड भिंतीकडे करतोस? अरे, अख्ख्या गावाच्या गाड्या थांबायच्या त्यांच्या एका हातावर. पोटचा पोरगा थांबला नाही. आता त्यांनी बोलायचं तरी कशाला आणि कोणाशी?" तिचा आवाज चिरकला, पण तिने तो आवरला नाही. "जा. जाऊन सांग त्यांना."

दादा पलंगाशी गेला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडला, "अप्पा, सॉरी हं."

"ओरडू नकोस, कान धड आहेत त्यांचे. आणि सॉरी नको. काय झालं ते सांग."

दादा स्टुलावर टेकला. फोनवर वहिनी अजून "हॅलो, हॅलो" करत होती, तो त्याने बंद केला. मग मान खाली घालून म्हणाला, "अप्पा, तुम्ही थांब म्हणालात. मला ऐकू आलं होतं. मी समजून घेतलं नाही."

अप्पांनी छतावरची नजर काढली. रिकाम्या वाळूवरून ती सावकाश दादाच्या तोंडावर आली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"गाढवा," अप्पा म्हणाले. 'ग' पक्का, 'ढ' पक्का, एकही अक्षर निसटलं नाही.

दादाने वळून तिच्याकडे बघितलं. "काय म्हणाले?"

"तुला नीट कळलंय," ती म्हणाली. डोळे पुसत तिने रिकामी बादली नेऊन नळाखाली लावली. दादा स्टुलावरच बसून होता, आणि अप्पांची नजर त्याच्यावरून हलली नव्हती.