घासून गेलेली नावं

मी एक जुनी पितळी घंटा आहे, मित्रांनो. अमेरिकेतल्या सनीव्हेल शहरात एका अपार्टमेंटमध्ये, देवघरात बसलेली. बसलेली म्हणजे अगदी तोंड बांधून. माझ्या लोलकाला फडकं गुंडाळलंय.

माझा जन्म देवासाठी झाला नव्हता. इंग्लंडमधल्या ब्रॅम्बलकोट नावाच्या चिमुकल्या गावासाठी मला ओतलं. शनिवारी बाजार भरला की दवंडीवाला चौकात मला वाजवायचा. कुणाची मेंढी हरवली, कुणाकडे बारसं, कोण गेलं, सारं गाव गोळा होऊन ऐकायचं. दवंडीवाला थकला की खिळ्याने माझ्या आतल्या काठावर आपलं नाव कोरायचा आणि मला पुढच्याच्या हाती द्यायचा. अशी पाच नावं माझ्या पोटात होती. शेवटचं आर्थरचं. त्याच्यानंतर मला घ्यायला कुणी आलंच नाही. मी अडगळीत पडले, विकली गेले आणि फिरत फिरत सांता क्लाराच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात पोचले.

मोरेश्वरकाकांनी मला तिथून आणलं. शुभाकाकूंनी हौसेने हळदकुंकू वाहिलं. पहिल्याच आरतीला मी अशी काही दणाणले की खालच्या शेजाऱ्यांची तक्रार आली. मग हे फडकं. शिवाय दर सणाला चिंचेचा कोळ आणि तारेची घासणी! पाहुणे म्हणत, "काय चकाकतेय हो!" मला मात्र रडू यायचं.

यंदा त्यांच्या लेकीने, कादंबरीने, माझ्या बाहेरच्या अंगावर ओतलेलं गावाचं नाव वाचून तिथल्या वाचनालयाला ईमेल केला. वाचनालयाने तो पुढे धाडला आणि उत्तर आर्थरच्या मुलीचं आलं. हिल्डाबाई, वय अठ्ठ्याऐंशी. "बाबांचं अक्षर माझ्याकडे कुठेच नाही. घंटेच्या आत त्यांनी नाव कोरलंय. फोटो पाठवाल?"

कादंबरीने आत टॉर्च मारला. "आई, देअर्ज नथिंग हिअर!"

"अगं, मला ते ओरखडे वाटले," काकूंनी माझ्या आतल्या काठावरून बोट फिरवलं. "मीच घासून काढले गं."

व्हिडिओ कॉलवर काकूंनी स्वतः माफी मागितली. हिल्डाबाई म्हणाल्या, "एकदा वाजवून दाखवाल?"

काकूंनी फडकं सोडलं. किती वर्षांनी मी बोलले! हिल्डाबाईंनी डोळे मिटले आणि बापासारखी दवंडी दिली, "ऐका हो ऐका! आर्थरची घंटा सापडली हो!"

ऐकायला काकू, कादंबरी आणि मी, अशा आम्ही तिघीच होतो.

फडकं पुन्हा बांधलं गेलं. शेजाऱ्यांना काय सांगणार? काकू आता मला नुसत्या ओल्या कपड्याने पुसतात, तेही हलक्या हाताने. मित्रांनो, जुनी वस्तू घासायला घेण्याआधी एकदा तिच्या आत डोकावून बघत जा. माझं पोट आता लख्ख आहे, पण त्यात कुणीच उरलेलं नाही.