पिंपळाला अंगण

आमच्या आदिलाबादच्या वस्तीत सगळ्यांनी अंगणात फरशा घातल्या, म्हणून मी बुद्धविहाराच्या गच्चीवर माती टाकून बाग केली. इंजिनिअर आहे मी. खालची अभ्यासिका आता उन्हाळ्यातही गार राहते. आणि त्या वीतभर मातीत कोणीतरी पिंपळ लावला!

मी खुरपं घेऊन निघाले, तर वीसेक माणसं जिना अडवून उभी.

"बोधिवृक्ष उपटून राह्यली काऊन वं, मैत्री?" निवृत्त गुरुजी नागनाथकाका ओरडले. "हात तर लावून पाहा!"

"काका, याची मुळं स्लॅब फोडतीन. खाली तुमचेच नातू बसतेत."

कोणी हललं नाही.

तेवढ्यात वस्तीतल्या सगळ्यांत थोरल्या सखूबाई आजी पुढे आल्या. "मीच लावला होता," म्हणाल्या. माझ्या हातून खुरपं घेऊन त्या वर गेल्या. त्यांना अडवायची कोणाची छाती झाली नाही. मातीसकट रोप पदरात घेऊन त्या उतरल्या आणि नागनाथकाकांसमोर थांबल्या.

"याले मरू नाही देनार मी. आता सांगा गुरुजी, कोनाच्या आंगनातली फरशी फोडू?"

मिनिटभरात जिना मोकळा झाला.