ईरप्पाच्या नावाला ओ

"नाव पुकारलं की उटायचं. घाबरायला तुमी काय चोर हाय का?" कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर महेश्वरीने नवऱ्याला पुन्हा बजावलं.

चादरीच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा ईरप्पा हा साधा माणूस. एके काळी खोलीत सोबत राहणाऱ्या शिवराजने त्याच्या आधारकार्डाची झेरॉक्स पळवली, त्यावर सिमकार्डं काढली, टेंभुर्णीत तीन वर्षं ईरप्पा म्हणून राहिला आणि फोनवरून लोकांना टोप्या घातल्या. पोलीस मात्र आले खऱ्या ईरप्पाच्या दारात! तेव्हापासून कुणी नावाने हाक मारली तरी तो दचके.

आता शिवराज सापडला होता. दुसऱ्याची ओळख चोरल्याचा खटला त्याच्यावर उभा होता. तो सुटला, तर सगळी फसवणूक ईरप्पाच्याच बोकांडी बसणार होती.

"असल्या केसेस हल्ली ढिगाने येतात," सरकारी वकीलबाई म्हणाल्या. "त्याचा वकील म्हणतो, शिवराजने तुमचं नाव कधी लावलंच नाही. तुम्ही न घाबरता खरं ते सांगा."

"व्हय, बाई."

बाई आत गेल्या. थोड्या वेळाने पट्टेवाल्याने दारातून हाळी दिली, "ईरप्पा मल्लप्पा हत्तुरे!"

ईरप्पा बाकावरून उठेना. तेवढ्यात आतून, आरोपीच्या पिंजऱ्यातून, खणखणीत आवाज आला, "हजर, साहेब!"

आता बोला! तीन वर्षं त्या नावाला ओ देऊन शिवराजच्या जिभेला सवयच जडलेली. त्याच्या वकिलाने कपाळावर हात मारला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी ते उत्तर नोंदवून घ्यायला सांगितलं.

"अवं, उटा की! तुमचं नाव त्यो घेऊन बसलाय!" महेश्वरीने कोपराने ढोसलं.

ईरप्पा आत गेला. खरं तर त्याला आनंद व्हायला हवा होता, पण आला तो संताप. आपल्याच नावाला आपण दचकायचं आणि या गड्याने इतक्या सहज ओ द्यायची!

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तो उभा राहिला.

"नाव सांगा," न्यायाधीश म्हणाले.

त्याने सांगितलं.

"ऐकू येत नाही. मोठ्याने."

समोर शिवराज मान खाली घालून उभा होता. ईरप्पाने कठडा घट्ट धरला.

"ईरप्पा मल्लप्पा हत्तुरे!"

बाहेर बाकावरची महेश्वरी उठून उभी राहिली.