चतुराबाईची खंडेनवमी

खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी! गंगेत उभी राहून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

दिंडोरीकडे सहादूबाबाचं चंदनाचं एक झाड होतं. असलं वासाचं, की त्याच्या सावलीत बांधलेल्या म्हशीच्या दुधाचा चहा प्यायचा तर लोक आधी आंघोळ करत. एका भर दुपारी चोरांनी ते बुंध्यातून कापून नेलं. नशीब, त्याआधीच तेजश्री मॅडमनी त्याचे कोवळे डोळे इंदिरानगरच्या आपल्या लॅबमध्ये आणले होते. तिथं बाटलीतल्या साखरेच्या जेलीवर नखाएवढ्या तुकड्याला फुटवे यायचे. एकाचे चार, चाराचे सोळा. झाड आता उरलं होतं ते त्या बाटल्यांत.

चतुराबाई तिथं बाटल्या धुवायची. खंडेनवमीला सगळं नाशिक मशिनी पूजतं. रिक्षेला हार, गिरणीला हार, आणि जिच्यात लॅबमधली पोरगी संजना गाळलेल्या हवेत रोपं कापते ती काचेची पेटी तेवढी बोडकी? चतुराबाईच्या जिवाला लागलं ते. मॅडम घरी गेल्यावर तिनं पंचवटीतून आणलेला झेंडूचा हार पेटीत ठेवला, हवा गाळणाऱ्या जाळीवर हळदकुंकवाची पाच बोटं ओढली, वर पाणी शिंपडलं. दसरा झाल्यावर हार काढला, जाळी ओल्या फडक्यानं पुसली. पुसली कसली, हळद आत दाबली.

संजनानं त्याच पेटीत चाळीस बाटल्या भरल्या. चौथ्या दिवशी चाळीसही बाटल्यांत पांढरा कापूस. बुरशी!

"संजना, हात धुतले होतेस?"

"कोपरापर्यंत, मॅडम."

"मग बुरशी काय द्वारका चौकातून रिक्षा करून आली?"

संजना रडवेली होऊन मोरीशी आली. "मावशी, तुम्हीच सांगा, हात न धुता कधी बसले मी?"

"नाही गं बाई," चतुराबाई म्हणाली. खरंच बोलली, पण अर्धंच. जाळीचं बोलावं, तर काम जाईल. न बोलावं, तर या पोरीचं जाईल. तिनं एकच बाटली तीनदा घासली.

तेवढ्यात सहादूबाबाचा फोन. "मॅडम, माझी नातवंडं बरी हायेत ना?" मॅडम फोन कानाशी धरूनच उरलेल्या बाटल्या मोजायला लागल्या.

जुन्या अकरा बाटल्या चांगल्या होत्या, पण त्यांची जेली आटत आलेली. मॅडम संजनाला म्हणाल्या, "आज यांची जेली बदलायलाच हवी. माझ्यादेखत कर. या बिघडल्या तर उद्यापासून येऊ नकोस."

संजना पेटीपुढं बसली. चतुराबाई नव्या जेलीच्या बाटल्यांची टोपली घेऊन मागं उभी. संजनानं पहिल्या बाटलीच्या झाकणाला हात घातला, तशी चतुराबाई ओरडली, "थांब पोरी! उघडू नको!"

"काय झालं मावशी?"

"तुझे हात चांगले आहेत गं. पेटी मी नासवली."

आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमनी टॉर्च मारला. जाळीच्या घड्यांत पिवळं चिकटलेलं.

"अहो चतुराबाई, देव्हाऱ्यात जागा नव्हती का?"

"मशिनीला बरं वाटावं म्हणून हो..."

"वाटलं ना बरं! चाळीस रोपं खाल्ली तिनं."

संजनानं तोंडावरचा मास्क काढला. ती एवढंच म्हणाली, "एवढे दिवस माझ्याशेजारी बसून डबा खाल्लात, मावशी."

चतुराबाईला मॅडमचं बोलणं सोसलं, हे नाही सोसलं. जाळी नवी बसली, तिचं काम राहिलं. संजना मात्र डबा आता खिडकीशी एकटीच खाते.

तर असं. सगळं खरं. बरं बाई, एक सोडून. पहिल्याच बाटलीला ती ओरडली, हे मी माझ्या पदरचं घातलं. टोपली घेऊन ती बघत उभी राहिली होती. सात बाटल्या उघडून झाल्या, तेव्हा कुठं तिचं तोंड उघडलं.