तात्पुरता नंबर

सात वर्षांपूर्वी केराबाईचा निराधार पेन्शनचा फॉर्म भरताना सोनमने एक चूक केली, आणि चूक तरी कसली, तर भलेपणाची. फॉर्मवर मोबाइल नंबरच्या चौकोनापुढे लाल चांदणी होती. नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडेना. केराबाईकडे फोन कुठला? तिच्याकडे चार शेळ्या होत्या. सोनमने दोनदा विचारलं, डोकं खाजवलं आणि शेवटी स्वतःचाच नंबर टाकून दिला. "तात्पुरता टाकते गं मावशे, मागनं बदलू," ती म्हणाली. ते दोघींनाही खरं वाटलं.

होटगीत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी येडूतात्या आले, मग सुंदरम्मा आली. "केराबाईवानी माझं बी कर की." स्टेशन रोडवरच्या दहा बाय आठच्या गाळ्यात सोनमचं ऑनलाइन सेवा केंद्र नुकतंच सुरू झालेलं. नव्या दुकानदाराला नाही म्हणता येतं होय? रेशनकार्ड, पेन्शन, पीकविमा, दवाखान्याचं कार्ड, जिथं जिथं लाल चांदणी भेटली तिथं तिथं सोनमचा नंबर जाऊन बसला. बघता बघता अठ्ठावन्न माणसांचा ओटीपी एका पोरीच्या फोनवर यायला लागला.

तेव्हापासून फोन तिच्याकडे नव्हता, तीच फोनकडे होती. कोण बँकेच्या रांगेत उभा, कोण तहसीलात, कोण दवाखान्याच्या खिडकीशी, आणि सगळ्यांचं एकच, "सोनम, आकडा सांग!" दहा मिनिटांत सांगितला नाही तर आकडा बाद, माणसाचा हेलपाटा फुकट. ती न्हाणीत जाताना फोन न्यायची. सोलापुरात पिक्चरला गेली तर अर्ध्यातून बाहेर यायची. सख्ख्या भावाच्या लग्नात मांडवामागे उभी राहून ती येडूतात्यांना आकडे सांगत होती. मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या, त्याचं तिला अजून रडू येतं. बरं, रागवावं तर कुणावर? लोक चांगले होते, सगळं घोडं तिथंच अडलं होतं. केराबाई दर दोन दिवसांनी शेळीचं दूध आणून द्यायची. शिव्या देणाऱ्याला टाळता येतं, दूध आणून देणारीला कसं टाळायचं?

अशात पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. कागदपत्रं तपासण्याचं काम, सोमवारी हजर व्हायचं. पत्रात खाली एक अट होती: फोन दारातल्या कपाटात ठेवायचा, नऊ तास मिळणार नाही. दुसरं कुणी कुरकुरलं असतं. सोनमने ती ओळ चारदा वाचली आणि तिच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. नऊ तास तिला कुणी आकडा मागणार नव्हतं! रविवारच्या गाडीचं तिकीट तिने त्याच संध्याकाळी काढलं. तिच्या आईने, बजाबाईने, शेंगाचटणीची बरणी भरून पिशवीशेजारी ठेवली.

पण जायचं तर आधी सुटायला हवं होतं. तिने गावभर निरोप धाडला, घरातल्या कुणाचाही फोन घेऊन या, नंबर बदलून देते. काम सोपं होतं. आधी जुन्या नंबरवर आकडा येतो, तो टाकायचा. मग नव्यावर येतो, तोही टाकायचा. संपलं. आठवडाभर जेवणाखाण्याची शुद्ध न ठेवता तिने एकेक माणूस सोडवला. शनिवारी दुपारपर्यंत एकोणपन्नास झाले. उरल्या नऊ म्हाताऱ्या. त्या सकाळपासून गाळ्याच्या पायरीवर बसल्या होत्या आणि आत यायचं नाव घेत नव्हत्या.

"उठा की मावश्यांनो! कुणाचा फोन आणलाय?"

 सुंदरम्माने पदर तोंडाला लावला.

"घरात चार-चार फोन हायत, एक आणता येत न्हाय?" सोनमचा आवाज चढला. "सात वरसं झाली! मला बी जीव हाय का न्हाय? जाऊ द्या की मला!"

केराबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "फोन हाय गं बाय. आमच्या पोराकडं, बिभीषणाकडं, लई भारी फोन हाय. म्हणून तर नगं."

"म्हंजे?"

"पैसे आल्याचा निरोप आज तुला येतोय. तू माझ्या कानात सांगतीस, मी गपचिप बँकेत जाते. त्याच्या फोनवर निरोप गेला का त्यो माझ्या आधी तितं. मग चहा-साखरेला बी मी सुनंच्या तोंडाकडं बघायचं. ह्या समद्यांचं त्येच हाय, इचार."

आठही जणी खाली बघत होत्या. 

सोनम मटकन खुर्चीत बसली. सात वर्षं ती समजत होती, की ह्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही म्हणून ह्या आपल्या गळ्यात पडल्या आहेत. तिला आधी राग आला तो केराबाईचाच. हे आत्ता कशाला सांगितलं हिने? न कळता गेले असते तर सुखाने गेले असते.

"पर तू अडकू नगंस," केराबाई म्हणाली. "तुजं वय हाय. माझं कर त्याच्या नंबरवर. मीच बोलावलंय त्याला. माझं झालं का ह्या बी उठतील."

तेवढ्यात बिभीषणाची गाडी दारात थांबली. माणूस वाईट नव्हता, हसतच आत आला आणि खुर्ची ओढून बसला. "घे माझा नंबर. आन आईचं पैसे कुठल्या तारखेला येत्यात गं? ही काय पत्ता लागू देत न्हाय!"

केराबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

सोनमने पान उघडलं. त्याचा नंबर टाकला, बटण दाबलं. टेबलावरचा फोन वाजला. सहा आकडे आले. ते टाकायचे, मग उरलेल्या आठ जणी, मग उद्याची गाडी. तिचं बोट अंकांवर गेलं आणि तिथंच थांबलं. बाहेर जंक्शनवर मालगाडी सिग्नलसाठी खोळंबली होती. सोनमने फोन उलटा करून ठेवला.

"येत न्हाय ओटीपी. सर्व्हर डाऊन हाय."

"परत टाक की," बिभीषण स्वतःच्याच फोनकडे बघत म्हणाला.

तिने परत टाकला. फोन परत वाजला.

"न्हाय आला. सोमवारी बघू."

"सोमवारी तू हितं असशील व्हय?"

 सोनमने पान बंद केलं. "असीन," ती म्हणाली.

बिभीषण सर्व्हरला शिव्या देत गाडीला किक मारून गेला. केराबाई जागची हलली नाही. तिला अक्षरओळख नव्हती, पण सात वर्षं ह्याच गाळ्यात बसून तो आवाज तिने ऐकला होता.

"वाजला की गं फोन. दोनदा."

"दुसऱ्याचा हुता, मावशे."

केराबाईला कळलं. तिचे डोळे भरून आले. 'येडी का काय तू, जा,' असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण आता ते तिच्याच्याने म्हणवेना. तिने सोनमच्या गालावरून हात फिरवला आणि नजर चुकवली.

"उद्यापास्नं दूध रोज आणत जाईन," ती म्हणाली, आणि बाकीच्या आठ जणींना घेऊन पायरी उतरली.