पुसलेले धवले

नेत्राने स्क्रीन पुन्हा रिफ्रेश केली. यादी रिकामीच. अंजनाबाईंचे सगळे धवले क्लाउडमध्ये सुखरूप असतील म्हणून ती सहज बघायला गेली होती, आणि तिथे एकही फाइल नव्हती.

अंजनाबाई म्हणजे तिची आत्या, मढच्या कोळीवाड्यातली धवलारीण, लग्नात धवले गाणारी. मांडवाची मेढ रोवण्यापासून नवरी निघेपर्यंत लग्नातलं पान तिच्या गाण्याशिवाय हलत नसे. हे धवले कुठे लिहिलेले नाहीत; होते ते तिच्या एकटीच्या गळ्यात. आणि त्याच गळ्यात गाठ निघाली होती. उद्या बोरीवलीला ऑपरेशन होतं. आवाज राहील की जाईल, हे सांगायला डॉक्टर तयार नव्हते.

म्हणून तर नेत्राने हा सगळा खटाटोप केला होता. मालाडच्या ऑफिसात बसून ती दिवसभर दुसऱ्यांच्या कंपन्यांचे बॅकअप लावून द्यायची. घरच्या एका बॅकअपचं काय मोठंसं? चहा निवायच्या आत तिने क्लाउडशी बोलणाऱ्या एपीआयची की, म्हणजे किल्ली, घेतली, एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि आपल्या जुन्या फोनमध्ये टाकून तो आत्याला दिला. आत्या गायली की गाणं फोनमध्ये रेकॉर्ड होऊन आपोआप वर क्लाउडमध्ये जाऊन पोचायचं. वर शहाणपणा असा, की फोनमध्ये असेल तेवढंच क्लाउडमध्ये ठेवायचं, उगाच पसारा नको. तोच शहाणपणा आता अंगाशी आला होता. प्रोग्रामच्या नोंदींचा लॉग साफ सांगत होता: फोनवरून एकेक धवला पुसला गेला, म्हणून वरूनही पुसला गेला.

पुसला कोणी? आत्याला फोन करून विचारायची सोय नव्हती. डॉक्टरांनी तिचं बोलणं बंद केलं होतं. नेत्रा उठली, पाणी पिऊन आली, बसली, परत उठली.

"काय चाललंय तुझं?" शेजारच्या टेबलावरच्या निमेशने विचारलं.

"वाट लागली यार. सगळं डिलीट झालंय."

"व्हर्जनिंग ऑन केलेलंस ना? मग जुनी कॉपी आत असते."

"आठवत नाही रे."

"मग मला काय विचारतेस? एपीआयला विचार!"

तिने विचारलं. घाईत एपीआयची किल्ली टाइप करताना ती दोनदा चुकली. मग उत्तर आलं: चालू. पाठोपाठ पुसलेल्या फाइली एकामागून एक वर आल्या. नेत्राने निमेशच्या पाठीत असा धपाटा घातला की तो कळवळला. तिने एक फाइल लावली. आत्याचा खणखणीत आवाज, मागे शेजारच्या कुकरची शिट्टी. तिला रडूच आलं.

पण बोरीवलीच्या रिक्षात बसल्यावर पुन्हा चुळबुळ सुरू झाली. एखादी फाइल चुकून पुसली जाते. सगळ्या कशा जातील?

आत्या हॉस्पिटलच्या खाटेवर मांडी घालून बसली होती. "फोनमधले धवले तू पुसलेस?" नेत्राने विचारलं. आत्याने शांतपणे मान डोलावली आणि घोगऱ्या, दबक्या आवाजात म्हणाली, "तूच बोललीस ना, पाठ झाला म्हणून? मंग कशाला ठेवायचा? देवांना हाक मारलेली असते त्यान. लगीन नाय, मांडव नाय, उगाच उभं करून ठेवायचं त्यांना?"

नेत्राला ते रविवार आठवले. दर रविवारी आत्याचा फोन यायचा, "मागचा पाठ झाला का गं?" आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन ती न ऐकताच म्हणायची, "हो हो, झाला. पुढचा गा." मागचा धवला तोंडाने म्हणून दाखवल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही, अशी आत्याची शिस्त. भाचीला नोकरीतून वेळ नाही, म्हणून तिने नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला होता. नेत्रा साठवत होती आणि आत्या शिकवत होती.

"सगळे परत मिळालेत, बघ," असं म्हणत नेत्राने घाईघाईने फोन पुढे केला. आत्याने तो घेऊन चादरीवर पालथा ठेवला आणि हनुवटीनेच खुणावलं. तू म्हण.

पहिली ओळ आली. लहानपणापासून मांडवात ऐकलेली होती. दुसरी अर्ध्यावर अडली. नेत्राने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली.

"मला एकही पाठ नाही गं, आत्या. मी खोटं बोलले तुझ्याशी."

आत्या रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिने दाराकडे पाहिलं. नर्स नव्हती. तिने नेत्राचं मनगट धरून तिला जवळ ओढलं, तोंड कानाशी नेलं आणि डॉक्टरांनी जपून ठेवायला सांगितलेल्या आवाजात दुसरी ओळ म्हटली. तेवढीच.

फोन पालथाच पडला होता. नेत्राने ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली, तेव्हाच तिला तिसरी मिळाली.